नव्वद दंडवत

गावाच्या वरच्या अंगाला, पडीक रानात, एका बांधीव विहिरीच्या काठावर काळ्या फरशीत चार नावे कोरलेली आहेत. त्या चौघांपैकी एकानेही जमिनीखाली कधी डोके घातले नव्हते. नावांच्या खाली लिहिले आहे की हा जुना जलस्रोत 'शास्त्रशुद्ध मोजणीने' शोधून काढण्यात आला. फरशी दरवर्षी धुतली जाते, अक्षरांना दरवर्षी पांढरा रंग दिला जातो, आणि दरवर्षी कोणीतरी शिक्षक मुलांना रांगेने आणून ती वाचून दाखवतो. मी जवळून जातो तेव्हा उभा राहत नाही. तरी ते दोन शब्द वाचल्यावाचून माझी सुटका होत नाही. हे प्रकरण त्या दोन शब्दांविषयी आहे.

आमचे घराणे नळकऱ्यांचे. डोंगराच्या पायथ्यापासून गावच्या हौदापर्यंत जमिनीच्या पोटातून गेलेला, चुन्यात बांधलेला एक जुना नळ होता. तो राखणे, त्यातला गाळ काढणे हे आमचे काम. तो कोणी बांधला हे गावात कोणाला ठाऊक नव्हते. बादशाही नळ म्हणत, एवढेच. नळाला वारा मिळावा आणि माणसाला उतरता यावे म्हणून ठिकठिकाणी विहिरीसारखी उभी तोंडे ठेवलेली होती. त्यांना आम्ही उसासे म्हणत असू. त्यातला एक उसासा आमच्या परसात होता आणि आमचे घर त्याच्या आधाराने वाढले होते. उन्हाळ्यात आई दुधाचे गाडगे आणि लोण्याचा गोळा शिंक्याने त्याच्यात सोडून ठेवी. त्याच्या काठावर बसून आम्ही जेवत असू, कारण खालून गार वारा येई. काठाला कान लावला की पाणी ऐकू येई. दूरच्या घरात कोणी जाते ओढावे तसा बारीक, न थांबणारा आवाज. आई त्या आवाजावरून सांगत असे, डोंगरात पाऊस झाला की नाही. ती सहसा चुकत नसे. चुकली तर कबूल करीत नसे.

देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात अंबाडीची एक दोरी होती. माझ्या पणजोबांनी वळलेली. नळातून जाताना माणसाला उभे राहता येत नाही, हात पसरता येत नाहीत, म्हणून तिथे काठीचे किंवा पावलाचे माप चालत नाही. पालथे पडायचे, हात पुढे ताणायचे, बोटांच्या टोकाशी गाळात रेघ मारायची, आणि पायाची बोटे त्या रेघेवर आणून पुन्हा पालथे पडायचे. नवसाचे दंडवत घालीत देवळाला प्रदक्षिणा करतात, तसेच. पणजोबांनी सगळा नळ असा अंगाने मोजला होता. दर दहा दंडवतांना दोरीला एक गाठ. नळ वळला तिथे गाठीत कवडी ओवलेली. जिथे दुसरे तोंड फुटून माणूस फसेल, तिथे तांब्याचा तुकडा. खंडेनवमीला पहार-टिकावाबरोबर त्या दोरीलाही हळदकुंकू लागे. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अक्षर येत नव्हते. दोरी येत होती. डोळे मिटून ते ती बोटांतून सरकवीत आणि नळाच्या कोणत्या जागी छताचा चुना सुटला आहे ते सांगत.

नळकरी बुटका असावा लागतो. आबा बुटके होते, आजोबा होते, पणजोबा तर आबांच्या सांगण्याप्रमाणे आबांएवढेच होते. मी आईच्या माहेरावर गेलो. तिचे माहेर तिसगावकडचे, तिथली माणसे बाभळीसारखी काटक आणि उंच. सोळाव्या वर्षी मी आबांच्या डोक्यावरून पलीकडचे पाहू लागलो. उंच माणसाला नळात अंग वळवता येत नाही. हौद लागेपर्यंत पुढेच जावे लागते, नाहीतर पायांकडून मागे सरकत यावे लागते. म्हणून मला कोणी खाली नेले नाही. मी शाळेत गेलो, मॅट्रिक झालो, आणि दोरीकडे पाहून हसण्याएवढा शहाणा झालो.

मग बहात्तरचा तो दुष्काळ आला. त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आमच्या घरात तो उसाशातला आवाज थांबला त्या सकाळी आला. आईने शिंके वर ओढून घेतले आणि दोर गुंडाळून ठेवला. दूध त्याआधीच आटले होते. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळे. त्याची भाकरी तव्यावर तुटे, म्हणून आई ती पीठ उकडून थापे. तरी ताटात येईपर्यंत तिचे चार तुकडे झालेले असत. बरोबर हुलग्याचे माडगे, तिखटमीठ घातलेले. कामावर सुकडी, गूळ-पिठाचा कोरडा खाऊ, वाटली जाई. गोड असल्याने पहिले आठ दिवस ती आवडली, नंतर तिचा वासही नको झाला. दिवसभर गावाच्या चारी अंगांना खडी फोडण्याचा आवाज चाले. इतकी वर्षे झाली, पण दगडावर हातोडा पडताना कुठे ऐकला की माझ्या तोंडाला मिलोची चव येते.

दुष्काळी कामावर नेमलेला ओव्हरसीयर बाहेरचा होता. त्याचे नाव मला आठवते. लिहिणार नाही, फरशीवर ते आहेच. कोणीतरी त्याच्या कानावर घातले की नळाच्या वरच्या टोकाला, डोंगराजवळ, एक भूमिगत हौद आहे. डोंगराचे झरे त्यात उतरतात. हौद ते गाव या मधल्या नळातून पाणी वाटेतच कुठेतरी जिरत होते, पण थेट हौदावर खड्डा खणला तर पाणी हाताशी येईल. हौदाचे वरचे तोंड कोणे एके काळी दगडांनी बुजवून त्यावर रान झाले होते. जागा फक्त दोरीत होती. वरून हुकूम आला की पंधरा दिवसांत पाणी दाखवा, नाहीतर काम बंद होईल आणि मजूर बारा मैलांवरच्या सडकेवर जातील. बारा मैल म्हणजे लहान मुले, म्हातारी माणसे आणि उरलीसुरली जनावरे गावात टाकून जाणे. गावाने आबांकडे पाहिले. माझ्या आयुष्यात गावाने आबांकडे तसे पाहिल्याचे मला दुसरे उदाहरण नाही.

दोरीत आमच्या उसाशापासून हौदापर्यंत नऊ गाठी होत्या. नव्वद दंडवत. ओव्हरसीयरने विचारले, एक दंडवत म्हणजे किती फूट? आबा म्हणाले, मला निजवा आणि मोजा. ओव्हरसीयरच्या तंबूपुढे पंचवीस-तीस माणसे उभी होती. ओव्हरसीयरने आबांच्या वाकलेल्या गुडघ्यांकडे पाहिले, माणसांकडे पाहिले, आणि म्हणाला, "तुमच्यात दोन ठिकाणी बाक आहे, नळकरी. माप सरळ माणसाचे घ्यायचे असते." मग माझ्याकडे वळून, "मॅट्रिक, तू आडवा हो."

लोक हसले. मी आडवा झालो. नवा सदरा होता, तरी झालो. आबा एकदाच बोलले: "सायेब, पोराचं अंग लांब हाय. दोरी बुटक्याची हाय."

टेप माझ्या पायाच्या बोटांपासून हाताच्या बोटांपर्यंत ताणलेली होती. ओव्हरसीयरने मोठ्याने आकडा वाचला. साडेसात फूट. तो म्हणाला, माणसाचे प्रमाण ठरलेले असते, आणि मॅट्रिकला ते विचारा. त्याने मला विचारले. मी मातीत तोंड घालून पडलो होतो. मला आबांचे म्हणणे ऐकू आले होते आणि पटलेही होते. ते न पटण्यासारखे काही त्यात नव्हते. मी म्हणालो, "बरोबर आहे, साहेब."

होकायंत्र लावून, खुंट्या मारून जागा ठरली. बायका खणीत होत्या, पुरुष पाट्या वाहत होते, आणि खाली मुरूम लागत होता. मुरुमाखाली आणखी मुरूम. दहाव्या दिवशी ओव्हरसीयर खड्ड्याच्या काठावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला की अडाण्याच्या दोरीवर विश्वास ठेवला ही त्याची चूक झाली. दोरी त्याने कार्यालयात जमा करून घेतली. त्या दिवसापासून गावात आबांना नळकरी म्हणेनासे झाले. बापूराव नावाचा आमचा शेजारी हजामत करून घेताना मोठ्याने म्हणायचा, "ह्यांच्या आज्यानं नळ मोजला का घरची वलन?" वलन म्हणजे धुणे वाळत घालायची दोरी. माणसे हसत. याच बापूरावाचे तीन पिढ्यांचे पिणे त्या नळातून झाले होते. गावाची कृतज्ञता पाण्याच्या पातळीबरोबर खाली जाते, हे मी तेव्हा पाहिले आणि पुढे नोकरीत अनेक गावांत पाहिले.

त्या दहाव्या दिवशीच संध्याकाळी जेवताना आईने माझ्या ताटात माडगे वाढले आणि वाटी खाली ठेवली नाही.

"तू आडवा पडला तवा तुझा बाप काय म्हनला, ऐकलं हुतंस?"

मी होय म्हणालो.

"सायबाम्होरं पडलास. आता खाली जाऊन पड."

आबांनी तिला थांबवले नाही. मी म्हणालो की आबांचे माप घेऊन नव्याने हिशेब करून देतो. आई म्हणाली, ज्याने दोरीच काढून घेतली तो तुझा हिशेब घेणार का? आणि आबा सावकाश म्हणाले की आजा आपल्याएवढा होता असे आपण ऐकून आहोत; त्याचे अंग जळून गेले, त्याची लांबी कुठे लिहून ठेवलेली नाही. हौदात उभे राहून सांगणारा माणूस पाहिजे. त्यांचे गुडघे आता दुमडत नव्हते. मग ते उठले आणि चिमणीची काच पुसायला बसले. तीच संमती.

माझी नात पुण्याला शिकते. मागच्या दिवाळीत ती टीव्हीला जोडून एक जुना खेळ खेळत होती. हिरव्या टोपीचा एक बुटका वीर तळघरात उतरतो. दालनामागून दालन. किल्ली सापडली तर दार उघडते, दिवा असला तर वाट दिसते, आणि एका पेटीत त्या मजल्याचा नकाशाच ठेवलेला असतो. ती नकाशा घेत नव्हती. चौकटीच्या कागदावर पावले मोजून स्वतः काढीत होती. मी मागे बसून पाहत राहिलो. एका दालनात वटवाघळांनी तिचा वीर मारला. तो लगेच दाराशी पुन्हा उभा राहिला. मला त्याचा राग आला, आणि मी तो बोलून दाखवला. ती म्हणाली, "आजोबा, खेळ आहे हा." मी विचारले, हे पाऊल कोणाच्या पायाचे? तिला प्रश्न कळला नाही. त्या खेळात पाऊल सगळ्यांचे सारखेच असते.

आईने मला खाली जायला सांगितले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी उसाशाच्या काठावर बसून मला नळ सांगितला. दोरी जवळ नव्हती. त्यांनी रिकाम्या हातात ती धरल्यासारखी बोटे चालवली. "तीन गाठी सरळ. मंग कवडी. भिंत थोडी डाव्या अंगाला वळंल. दोन गाठी. मंग तांबं. उजव्या अंगाला मोठं तोंड दिसंल, उभं ऱ्हाऊन जाता येईल असं. तिकडं जायाचं न्हाई, त्यो चकवा हाय. म्होरं पानी न्हाई का वारा न्हाई. बारक्या तोंडात शिरायचं. मंग चार गाठी, की हौद." त्यांनी बोटे मिटली. "माप सोडायचं न्हाई. माप सोडलं की मानूस नळात नसतो, निस्ता अंधारात असतो."

आमच्याकडे नियम होता: दिवा आधी, माणूस मागून. आईने पेटलेली चिमणी दोराने खाली सोडली. ज्योत विझली नाही. तेव्हा माझ्या कमरेला दोर बांधून मी भिंतीतल्या खाचांत पाय देत उतरलो. तळाशी दोर सोडून टाकला. पाठीवर लहान पहार, एका हातात चिमणी. ओव्हरसीयरकडे बॅटरी होती, पण बॅटरी वाऱ्याची बातमी देत नाही.

तिथे प्रथम वास आला, ओल्या चुन्याचा आणि फार जुन्या धुराचा. नळ कमरेएवढा उंच होता. दर थोड्या अंतरावर भिंतीत पणतीपुरता कोनाडा आणि त्यावर काजळी. मी पालथा पडलो, हात ताणले, गाळात रेघ मारली. एक. गाळ भुकटीसारखा कोरडा होता आणि तो नाकात जाई. माझे गुडघे सोलले, पहार दर वेळी मानेवर सरकून येई. वर कुठेतरी वटवाघळे होती; ती उडाली नाहीत, फक्त सगळी मिळून हलली. सत्ताविसाव्या दंडवताला भिंत डावीकडे वळली. कवडी तर तीस दंडवतांवर हवी होती. मोजण्यात तीन सुटले असे मी स्वतःला सांगितले. ते खोटे होते आणि मला ते माहीत होते. मी एकही सोडला नव्हता.

पुढे अठरा झाले आणि उजव्या हाताला पोकळी लागली. आबांनी सांगितले तसेच मोठे तोंड. कमानदार, गिलावा केलेले, राजाच्या देवडीसारखे. सोलल्या गुडघ्यांनी तिथे उभे राहणाऱ्या माणसाला तेच खरे वाटणार. मी चिमणी आत धरली. ज्योत आखडून मोहरीएवढी झाली. कमानीत साळिंदराचे काटे पसरलेले होते आणि थोडे पलीकडे हाडे होती. जनावराची असावीत, मी पाहत बसलो नाही. खरे तोंड डावीकडे, खाली, कुत्र्याने शिरावे एवढे.

त्यात मी खांदे आवळून शिरलो. इथून हौदापर्यंत मला वळता येणार नव्हते. वीस दंडवत बरे गेले. मग छतातून मुळ्या लोंबू लागल्या आणि ज्योत पुन्हा उतरली. मी चिमणी छताला लावली, ती वाढली. जमिनीजवळ आणली, ती मिटायला आली. वाईट हवा तळाशी साचली होती. नुसते जायचे असते तर तोंड छताशी धरून सरपटत जाता आले असते. पण दंडवत म्हणजे तोंड तळाला. मी दोन्हींचा विचार केला. मग चिमणी पुढच्या मुळीत अडकवायची, छताशी श्वास भरायचा, तो कोंडून पालथे पडायचे, रेघ मारायची आणि पुन्हा छताशी यायचे, असे सुरू केले. एका श्वासात एक दंडवत. कानात घण वाजत होते. कितव्यांदा ते सांगतो, कारण ते मला माहीत आहे: तेहतिसाव्याला हात गाळात रुतला तो ओला निघाला. पस्तिसाव्याला माझी बोटे काठावरून खाली पाण्यात गेली.

हौद आमच्या माजघराएवढा होता. मी पाण्यात उभा राहिलो, गुडघाभर, आणि वाकून प्यालो. पाणी इतके गार होते की दात दुखले. चिमणी इथे सरळ, पिवळी जळत होती. एका कोनाड्यात मातीची पणती तशीच ठेवलेली होती, आणि तिच्याखाली ओल्या चुन्यात कोणीतरी कधीतरी टेकलेला पंजा उठला होता. पणजोबांचा की बांधणाऱ्याचा, सांगता येत नाही. मी त्यावर माझा पंजा ठेवला. माझी बोटे पेराभर पुढे गेली.

सत्तावीस, अठरा, पस्तीस. ऐंशी. दोरीत नव्वद. दोरी खरी होती.

आणि तेव्हा मला ते ऐकू आले. समोरच्या भिंतीपलीकडून, खडकातून, ठक, ठक. ओव्हरसीयरच्या खड्ड्यातले टिकाव. सत्तर-पंच्याहत्तर फूट पुढे, माझ्या अंगाच्या जादा लांबीमुळे चुकलेल्या जागी, आमच्या गावच्या बायका मुरूम खणीत होत्या. मी हौदाच्या कडेवर बसून ते ऐकत राहिलो. पुढचे ठरलेले होते. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की टिकाव थांबतील. ते थांबले की मी छताला पहार मारायची. तीन ठोके, थांबणे, तीन ठोके. टिकाव थांबले. मी मारू लागलो.

वर काय झाले ते मी नंतर ऐकले. आई रिकामी घागर घेऊन रानात फिरत होती. घागर जमिनीवर उपडी घालून तिच्या बुडाला कान लावायचा, ही नळकऱ्यांच्या घरातल्या बायकांची रीत. नळात गेलेला माणूस कुठवर पोचला ते त्या अशा ऐकत. जेवायला बसलेल्या बायका तिच्याकडे पाहून हसल्या. एका जागी ती थांबली, घागर चार वेळा फिरवली, आणि तिथेच मांडी घालून बसली. सुट्टी संपली तरी उठेना. ओव्हरसीयर आला आणि म्हणाला की बाई, उठा, कामात अडथळा आणू नका.

आई म्हणाली, "हितं खना. न्हाई पानी लागलं तर मला ह्यातच घाला आन् माती लोटा. तेवढंच काम दावाया हुईल तुमाला."

तो तिला काहीतरी बोलला. काय ते आईने मला कधी सांगितले नाही. पण बायकांनी हातातले टिकाव खाली ठेवले होते आणि शांतता झाली होती. शेवटी तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने घागरीला कान लावला. मी खाली मारीतच होतो. आई म्हणे की त्याच्या चेहऱ्यावरून पाणी किती खोल आहे तेसुद्धा कळत होते.

परतताना मोजायचे नव्हते, म्हणून तोंड छताशी धरून सरपटत मी परत आलो तो दिवस कलला होता. वर आलेल्या माणसाने पाणी पिण्याआधी आकडा सांगायचा, हाही आमचा नियम. मी आबांना म्हणालो, "ऐंशी." आबांची बोटे थोडी चालली. ते म्हणाले, "तुझं ऐंशी म्हंजी आज्याचं नव्वद. झालं." आईने तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "लांबी तेवढी वाढली. बाकी काय वाढलं न्हाई."

घागरीच्या जागी खणायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी हौदाच्या छताचे दगड लागले, ते काढले आणि पाणी दिसले. नारळ फुटला. मोठे अधिकारी जीपने येऊन गेले. कोणीही सडकेवर गेले नाही. बापूराव आमच्या दारावरून जाताना आबांना 'काय नळकरी' म्हणाला, जणू मध्ये काही झालेच नव्हते. आबांनी त्याला उत्तर दिले. मी दिले नसते.

त्याच आठवड्यात ओव्हरसीयरने मला तंबूत बोलावले. त्याला हजेरीवर कारकून पाहिजे होता, आणि माझे अक्षर चांगले होते. पहिले काम म्हणून त्याने अहवाल सांगितला आणि मी लिहू लागलो. 'स्थानिक दोरीचे माप सदोष आढळल्याने,' तो म्हणाला, 'निम्नस्वाक्षरीकाराने शास्त्रशुद्ध मोजणीने जागा निश्चित केली.' माझा टाक थांबला. त्याच वेळी आबा तंबूच्या दाराशी दोरी परत मागायला उभे होते. ओव्हरसीयर हसत म्हणाला, "काय नळकरी, दोरी चुकली ना?"

आबांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातातला टाक, पुढचा कागद, बसायला मिळालेली खुर्ची, सगळे पाहिले.

"व्हय सायेब," ते म्हणाले. "दोरीच चुकली."

मी उरलेले वाक्य लिहिले.

दोरीने हजेरीपटांचा गठ्ठा बांधलेला होता. शिपायाने ती सोडून आबांच्या अंगावर टाकली. घरी आल्यावर त्यांनी ती मांडीवर घेतली. बांधताना तिला दोन नव्या गाठी बसल्या होत्या, घट्ट, इतर गाठींसारख्याच. मला एकही ओळखता आली नसती. आबांनी डोळे मिटून दोरी एकदा बोटांतून नेली, दोन ठिकाणी थांबले, आणि नखांनी त्याच दोन सोडवल्या. त्यानंतरची चोवीस वर्षे ते जगले आणि या विषयावर बोलले नाहीत. ती हजेरीची नोकरी पुढे कायम झाली. मी निवृत्त झालो तेव्हा लोकांनी माझ्या सचोटीवर भाषणे केली.

मी आयुष्यभर त्या ओव्हरसीयरचा राग केला. तो राग रास्त होता. आजही त्यातला कणभरही मी मागे घेत नाही. त्याने एका जाणत्या माणसाला तीस माणसांसमोर वाकडा म्हटले आणि त्याची विद्या आपल्या नावावर केली. पण फरशी ज्या कागदावरून कोरली, तो कागद मी ओळखतो. त्यातले ते दोन शब्द त्याच्या तोंडचे असतील. अक्षर माझे आहे.

परवा नातीला बोलावले आणि जमिनीवर पालथा पडलो. खांदा पुरता वर जात नाही, गुडघे सरळ होत नाहीत. आता माझ्यातही दोन ठिकाणी बाक आहे. माझ्या ऐंशी दंडवतांचे सहाशे फूट नव्वदने भागून आलेले पणजोबांचे माप मी तिला आधीच सांगून ठेवले होते: सहा फूट आठ इंच. दोरी शेजारी ठेवली होती. तिने टेप लावली, दोनदा लावली.

"आजोबा," ती म्हणाली, "त्या मापापेक्षा अजून चार बोटं जास्त भरता तुम्ही."